भुयारातली हिरकणी

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या हॉलमध्ये तीन मुली अर्ध्या तासात मेल्या. घाबरू नका, खेळात!

त्याचं असं झालं. आम्ही डोंबिवलीहून बदलापूरला राहायला आलो. जागा मोठी मिळाली, पण नववीतल्या लेकीच्या मैत्रिणी मागे राहिल्या. नव्या बिल्डिंगमध्ये ती कुणाशी धड बोलेना. मग मामेभावाने तिला एका खेळाचं वेड लावलं, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. एकीने भुयाराचा नकाशा काढून लपवून ठेवायचा आणि समोर काय दिसतंय ते सांगायचं. बाकीच्यांनी "मी दार ढकलते", "मी दिवा लावते" असं म्हणत पुढे जायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार, तोही २० बाजूंचा!

लेकीने आठवडाभर खपून भुयार काढलं. बिल्डिंगमधल्या दोघी आणि अंबरनाथहून राहायला आलेली माझी भाची खेळायला बसल्या. पहिल्या खोलीत खड्डा, दुसऱ्या खोलीत विषारी बाण. तिघी खलास. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधली एकही फिरकली नाही. "कठीणच असायला हवं ना गं आई!" म्हणताना लेकीचे डोळे भरले.

मला फासे कळत नाहीत, पण किल्ले कळतात. (माहेरी दिवाळीचा मातीचा किल्ला भाऊ करायचे आणि आम्ही रांगोळ्या काढायच्या, तो राग अजून आहे.) तिचा नकाशा बघितला तर एकच वाट. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मग बदलापूर, तशा ओळीने खोल्या! म्हटलं, "अगं, यात खेळणारीने ठरवायचं काय? नुसतं बसून राहायचं आणि मरायचं?"

मग तिला देवगिरीच्या अंधारीची गोष्ट सांगितली. कातळात कोरलेली ही काळोखी वाट वळणं घेत वर चढते. उन्हातून आत शिरलेल्याला काही दिसत नाही, पायरीचा अंदाज येत नाही, वरून धूर सोडायचीही सोय. पण १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे देवगिरीने हात टेकले ते कशामुळे? धान्य म्हणून गडावर नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असं सांगतात. आपण असतो तर पोतं आधी उघडून बघितलं असतं, हो की नाही? लेकीला ते बरोबर उमगलं. तिने बाण कमी केले आणि प्रत्येकीला दिव्याचं तेल मोजून दिलं. लांबच्या वाटेने गेलात तर तेल संपणार, जवळच्या वाटेला राक्षस!

मामेभावाकडून आणखी एक नाव कळलं, जेनेल जेक्वेज. या अमेरिकन बाईंनी १९७९ साली 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' नावाचं भुयार रचलं. आत जायच्या वाटा अनेक, जिने कुठून कुठे निघणारे, फिरून परत त्याच दालनात आणणारे बोळ. २०२४ मध्ये त्या गेल्या, पण भुयारं काढणारे अजून त्यांची पद्धत गिरवतात. लेकीनेही तीन दारं काढली. खड्डा ठेवला, पण अलीकडची फरशी पोकळ वाजते हे सांगायचं ठरवलं. कान देऊन ऐकणारीला वाचता आलं पाहिजे ना!

भाचीने "आज कुणी पटकन मरणार नाही" या बोलीवर दोघींना ओढून आणलं. मी चकल्या तळता तळता ऐकत होते. दोन तास झाले, तेल संपत आलेलं, खाली राक्षस. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची मुलगी म्हणाली, "त्या झरोक्यातून ओढण्या बांधून उतरलं तर?"

लेक गप्प. नकाशात तिथे वाटच नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं. मी एवढंच म्हटलं, "रायगडावरही नव्हती. हिरकणी उतरलीच की."

"मग महाराजांनी तिथे बुरूज बांधला," भाची म्हणाली.

"तो उद्या बांधीन," लेक म्हणाली. "आज फासा टाक."

१७ पडले. जो काही आरडाओरडा झाला म्हणता, शेजारच्या काकू दार वाजवत आल्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच बेल वाजली. म्हटलं, अगं पोरींनो, आंघोळी तरी उरकून या!