भीमाशंकर येथील पोर्तुगीज घंटा : एक ऐतिहासिक साधन

कर्जत तालुक्यातील खांडस गावाहून गणेश घाटाने अथवा शिडी घाटाने सह्याद्री चढणारा यात्रेकरू पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरास पोहोचतो. तेथे शनिमंदिरासमोर टांगलेल्या घंटेवर १७२९ हा इसवी सनाचा आकडा आहे. त्या काळी मराठी दप्तरात शक व सुहूर सन चालत. तेव्हा ही घंटा मूळची अन्यत्रची, हे त्या आकड्यावरूनच ध्यानी येते.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या मोहिमेत ख्रिस्तमंदिरांतील घंटा मराठ्यांच्या हाती आल्या व काही देवस्थानांस अर्पण झाल्या. वाईजवळच्या मेणवलीतील घंटेवर १७०७, तर नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हा आकडा आहे. खालापूरच्या दक्षिणेस पाली येथे बल्लाळेश्वराची घंटाही परंपरेने याच विजयाशी जोडली जाते.

हे आकडे वाचताना एक विवेक राखावा लागतो. ते घंटा ओतल्याचे वर्ष सांगतात, अर्पणाचे नव्हे. तिन्ही वर्षे १७३९ च्या पूर्वीची असल्याने परंपरेस पुष्टी मिळते. परंतु घंटा कोणत्या ख्रिस्तमंदिरातील, हे केवळ त्यांवरून ठरत नाही.

घंटेच्या काशात सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील असते. हा धातू नादमधुर, पण ठिसूळ असतो. तोफेच्या धातूत कथील सुमारे दशांश पुरते. युरोपात युद्धकाळी तांब्याची भर घालून घंटांच्या तोफा ओतल्या जात. या घंटा मात्र देवास वाहिल्या गेल्या, म्हणून टिकल्या.

त्यांचा वापर मात्र पालटला. ख्रिस्तमंदिरात नेमलेला सेवक उंच मनोऱ्यातील घंटा दोराने वाजवी आणि तिच्या नादाने साऱ्या गावास प्रार्थनेची वेळ कळे. देवळात दर्शनास आलेला प्रत्येक भाविक हाताने लोलक हलवितो. एकाचा अधिकार अनेकांचा झाला.

हातांच्या स्पर्शाने व रंगाच्या लेपाने अक्षरे बुजतात. म्हणून प्रत्येक घंटेवरील लेखाचा ठसा, काठाचा व्यास व चिन्हांची नोंद आताच घेतली पाहिजे. अक्षरे गेली, तर नाद उरेल. पुरावा उरणार नाही.