पाठीवर कवटी, तरी यमदूत नव्हे!

पावसाळ्यात दिव्याच्या उजेडाला मोठा पतंग घरात शिरतो. त्याच्या पाठीवर कवटीसारखा ठसा दिसला की कोणीतरी म्हणतेच, घरात बरेवाईट होणार. मग उतारा, लिंबू, नारळ. मजुरीचे पैसे भगताच्या खिशात! ‘एहिपस्सिको’, या आणि पाहा, असे सांगणाऱ्या धम्माचे आपण उपासक. तेव्हा माता-भगिनींनी झाडू उगारण्याआधी पतंग नीट पाहावा, असे आम्ही सुचवितो.

या कुळाच्या जाती जगात तीनच. ॲट्रोपॉस आफ्रिका व दक्षिण युरोपचा. उन्हाळा सरताना समुद्र ओलांडून तो क्वचित इंग्लंडात पोचतो. आपल्याकडचे दोन, स्टिक्स आणि लॅकेसिस. वरचा पंख हळूच सरकवून खालचा पाहावा. तो मुळाशी पिवळा असून त्यावर दोन काळे पट्टे असले तर स्टिक्स. मुळाशीच काळा आणि अंगाने थोराड, तो लॅकेसिस. ॲट्रोपॉसचा पंखही पिवळाच, म्हणून त्याचे पोट पाहतात. पोटाखाली गडद पट्टे असतात, ते स्टिक्सला नसतात.

तो चिरकतो, तीही भुताटकी नव्हे; घशातली हवा सोंडेतून सुटल्याचा आवाज. पोळ्यात शिरून मध चोरणे हा त्याचा उद्योग. शेपटीवर शिंग असलेली त्याची जाडजूड अळी तिळावर, वांग्यावर वाढते.

नावे मात्र युरोपच्या पंडितांनीच भीतीची ठेवली. १७५८ साली लिनियसने दिलेले ॲट्रोपॉस हे नाव आयुष्याचा धागा कापणाऱ्या ग्रीक देवीचे!

हा पतंग डसत नाही. दिवा मालवून खिडकी उघडी ठेवावी, आपला आपण निघून जातो.