सराफ्याची परिभाषा

एखाद्या गोष्टीवर जीव ओवाळून टाकणारी माणसे एकत्र आली की अल्पावधीतच त्यांची एक खासगी बोली तयार होते, पाठोपाठ एक पुराण रचले जाते, आणि त्या पुराणातले अस्सल कोणते व प्रक्षिप्त कोणते यावर असा वाद जुंपतो की तो त्या मंडळींच्या हयातीत निकाली निघत नाही. संगणकाच्या पडद्यावर क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथांच्या, म्हणजे वेबकॉमिकच्या, वाचकांत हा प्रकार फार ठळकपणे दिसतो. अँड्र्यू हसी या अमेरिकन चित्रकाराने १३ एप्रिल २००९ रोजी आरंभलेली आणि बरोबर सात वर्षांनी त्याच तारखेस समाप्त केलेली ‘होमस्टक’ ही कथा आठ हजारांहून अधिक पानांची; तिचे भक्त अंगाला राखाडी रंग फासून आणि डोक्यावर नारिंगी शिंगे लावून मेळाव्यांना जातात, आणि ४१३ हा आकडा नुसता कानी पडला तरी त्यांचे चेहरे उजळतात. त्यांच्यात जाऊन पडलेल्या नवख्या माणसाला दुभाषी मिळाला नाही तर त्याची अवस्था कठीण होते. याच जातीचा, परंतु परक्याला याहून कितीतरी अधिक उदारपणे पंक्तीत घेणारा, एक संप्रदाय इंदुरात राजवाड्यालगतच्या सराफ्यात नांदतो.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास आली, आणि राजवाड्याभोवतीच्या पेठांना राजधानीचा रुबाब चढला. त्यांपैकी सराफा दिवसा अजूनही सोन्याचांदीचाच बाजार आहे. रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्यांचे दरवाजे खाली येतात, आणि त्यांच्याच ओट्यांवर कढया, पराती व शेगड्या मांडल्या जाऊन मध्यरात्र उलटेपर्यंत खवय्यांचा अंमल सुरू होतो. हे स्थित्यंतर कसे घडले याविषयी संप्रदायाची मूळकथा अशी की, रात्री गल्ली ओस पडली तर चोरांचे फावेल, तेव्हा माणसांची वर्दळ राहून विनावेतन पहारा व्हावा या हेतूने सराफांनीच खाद्यविक्रेत्यांना ओट्यावर बसण्याची मुभा दिली. या कथेचा दस्तऐवज कोणी मागत नाही. परंतु जो विक्रेता ती सांगतो तो अशा ठसक्यात सांगतो की, जणू पेढीवरच्या ऐवजाची जोखीम आजही त्याच्याच शिरावर आहे.

नवख्याने प्रथम संबोधने शिकून घ्यावीत. येथे प्रत्येक पुरुष ‘भिया’ असतो; समुदायाला उद्देशून बोलायचे झाल्यास ‘भियाओ’ म्हणतात, आणि भेटताक्षणी ‘भिया राम’ म्हटले की अभिवादनाचा सारा दस्तूर पुरा होतो. होकार द्यायचा तो ‘हओ’ असा, शेवटचा स्वर थोडा लांबवून. ‘पेलवान’ ही पदवी मिळण्यास आखाड्याशी काहीही संबंध लागत नाही. फुंकरीने उडेल अशा देहयष्टीच्या मुलालाही ती सन्मानाने बहाल होते, आणि तोही ती निःसंकोच स्वीकारतो. क्रियापदांत ‘रहा है’चे ‘रिया हे’ होते, म्हणून ‘कां जा रिया हे?’ असा प्रश्न आला तर दचकू नये. त्यात चौकशीपेक्षा आपुलकीच अधिक असते.

यापुढे खरी परीक्षा आहे, कारण ओळखीची नावे येथे अनोळखी पदार्थांना दिलेली आढळतात. उत्तर हिंदुस्थानात शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत. इंदुरात त्याच नावाने आटीव दुधाचे, केशर-वेलचीचे, सुक्या मेव्याने जड झालेले असे पेय समोर येते की ते प्यायल्यावर तहान भागली की भूक, याचा निर्णय होत नाही. जिलेबीचे रूप वाढून हातभर झाले की तिचे लिंगही बदलते आणि तिला ‘जलेबा’ म्हणतात. ‘भुट्टे का कीस’ म्हणजे किसलेले कोवळे मक्याचे कणीस तुपावर परतून, दुधात शिजवून, वर खोबरे-कोथिंबीर पेरलेला पदार्थ. आणि ‘गराडू’ म्हणजे आपल्या कोनफळाचा सगोत्र कंद, जो थंडीत तळून, लिंबू पिळून, तिखटजाळ मसाल्यात घोळून देतात.

परंतु मराठी माणूस सर्वांत जास्त चकतो तो साबुदाण्याच्या खिचडीपाशी. आपली खिचडी तुपाजिऱ्याच्या फोडणीत दाण्याच्या कुटासह परतलेली. इंदूरची वाफेवर नुसती मऊ करून ठेवलेली असते, आणि गिऱ्हाईक समोर उभे राहिले की तिच्यात हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, बटाट्याचा कुरकुरीत चिवडा व जिरावण कालवून ती हातात पडते. उपवासाचे अन्न चाटच्या पंक्तीला बसलेले पाहून क्षणभर धर्मसंकट उभे राहते; पहिल्या घासानंतर ते राहत नाही. यातले जिरावण हे सराफ्याचे कुलदैवत होय. जिरे, आमचूर, काळे मीठ, सुंठ, बडीशेप, हिंग आदींचे हे चूर्ण सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या गराडूपर्यंत सर्वांवर सारख्याच श्रद्धेने शिंपडले जाते.

पुराणातला सर्वांत रंगलेला अध्याय जोशी दही बडा हाउसचा आहे. दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच उडवायचा, थेंबही न सांडता तो अलगद झेलायचा, आणि मग एकाच चिमटीत पाच मसाले धरून ते एकामागून एक असे सोडायचे की एकाचा दुसऱ्यात संकर होऊ नये, ही तेथली ख्याती. द्रोण हवेत असेपर्यंत सारी गर्दी मान वर करून श्वास रोखते. कलेची परंपरा विद्यापीठाबाहेर किती जोमाने जगते हे ज्याला पाहायचे असेल त्याने तेथे अवश्य उभे राहावे.

अस्सल व प्रक्षिप्ताचा वाद येथेही आहे. गेल्या काही वर्षांत मोमो, नूडल्स अशा पदार्थांच्या गाड्या वाढल्या, आणि जुन्या मंडळींनी त्यांना परंपरेबाहेरचे ठरवले. माझा ओढा जुन्यांकडे आहे. तथापि मका, बटाटा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका ही तिन्ही पिके अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आली, हे मी विसरू शकत नाही. पोहे होळकरांच्या मराठी लवाजम्याबरोबर माळव्यात आले, असे तर इंदूरकर स्वतःच अभिमानाने सांगतात. तेव्हा पदार्थाचे कुळ पाहून निवाडा करू लागलो तर निम्मा सराफा उठवावा लागेल. येथे आलेल्या पदार्थाने जिरावण पत्करले, की दोन-तीन पिढ्यांत तो घरचाच होतो.

सराफांची तक्रार मात्र निराळी आहे, आणि ती गांभीर्याने घेतली पाहिजे. गल्ली अरुंद, गर्दी अपार, आणि पेढ्यांच्या दारात गॅसची सिलिंडरे व उकळते तेल. आग लागली तर बंब आत शिरणार कोठून, हा त्यांचा प्रश्न आहे. पदार्थांचा वाद भियाओंनी खुशाल पुढची शंभर वर्षे घालावा, परंतु ओट्यांची संख्या, शेगड्यांमधले अंतर आणि बंबासाठी मोकळी वाट यांचा बंदोबस्त महानगरपालिकेने, सराफांना व विक्रेत्यांना एकत्र बसवून, विनाविलंब केला पाहिजे.