ट्रॅक्टरच्या गिअरपेटीची घरगुती निगा

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील काळ्या जमिनीत खरिपाची पेरणी ही मोजक्या दिवसांची बाब असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज सोयाबीन पेरू नये, अशी शिफारस आहे. तेवढा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला, की साऱ्या शिवाराची पेरणी एकदमच सुरू होते. अशा वेळी ज्याच्या ट्रॅक्टरची लिफ्ट पेरणीयंत्र उचलीत नाही, त्यास भाड्याचा ट्रॅक्टर मिळणे कठीण व मिस्त्री मिळणे त्याहून कठीण. असा बिघाड बहुधा एका दिवसात उद्भवत नाही. गिअरपेटीतील जुन्या तेलात व तुंबलेल्या फिल्टरात तो कित्येक महिने वाढत असतो. म्हणून मृग निघण्यापूर्वीच, मे महिन्यात, गिअरपेटीची निगा उरकून घ्यावी.

तेलाच्या दाबाने अवजार उचलण्याची योजना हॅरी फर्ग्युसन यांनी १९३६ साली बाजारात आलेल्या आपल्या ट्रॅक्टरात आणली. आज ती सर्वत्र रूढ आहे. अनेक नमुन्यांत गिअर, डिफरन्शियल व लिफ्ट यांना एकच तेल पुरते. हे तेल दात्यांना वंगण देते, उष्णता वाहून नेते आणि पंपाच्या दाबाने नांगरही उचलते. ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीत तर इंजिनाची शक्ती पुढे पोचविण्याचे कामही तेलाकडेच असते. तेव्हा यंत्र मोटारीचे असो वा शेतीचे, तेल बिघडले म्हणजे केवळ वंगण बिघडले असे समजू नये. यंत्राचा एक चालता भागच बिघडला असे समजावे.

तेलाची परीक्षा सोपी आहे. तेल दुधासारखे पांढुरके दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. ओढ्यातून ट्रॅक्टर नेणे, जोराच्या फवाऱ्याने धुणे अथवा हवा खेळविणाऱ्या ब्रीदरचे झाकण नादुरुस्त असणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. तेलास जळका वास येत असल्यास ते फार तापले आहे. उसाच्या जड ट्रॉल्या ओढल्यानंतर ही तपासणी अवश्य करावी.

तेल बदलण्यापूर्वी ट्रॅक्टर थोडा वेळ चालवावा. कोमट तेल पातळ होऊन गाळासह बाहेर येते. ते अंगावर उडून भाजेल इतके तापू देऊ नये. नंतर ट्रॅक्टर सपाट जागी, वाऱ्याच्या धुळीपासून आडोशाला उभा करावा. अवजार सोडावे, लिफ्टचे दांडे पूर्ण खाली आणावेत, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी व चाकांना पुढून-मागून उटी लावावी. उचललेल्या अवजाराखाली हात किंवा डोके कदापि घालू नये.

खालचे बूच उघडून तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. बुचाला लोहचुंबक असल्यास त्यावरील कीस पाहावा. बारीक करड्या चिखलासारखा थर ही नेहमीची झीज होय. धातूचे तुकडे अथवा दात्याचे टवके दिसल्यास नवे तेल न भरता मिस्त्रीस बोलवावे.

घरी बदलण्याजोगे भाग थोडे आहेत : फिल्टर, त्याचे रबरी कडे, बुचाचा तांब्याचा वॉशर, जाळीच्या झाकणाचे पॅकिंग आणि ब्रीदरचे झाकण. जुना वॉशर व जुने पॅकिंग पुन्हा वापरणे ही खोटी काटकसर होय. तेथूनच पुढे तेल पाझरते. तारेची जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावी. फाटली असल्यास बदलावी. धागे सुटणाऱ्या चिंधीने आतील भाग पुसू नये, कारण तेच धागे पुढे जाळीत अडकतात. पेल्यासारखा फिल्टर असल्यास कड्याला तेलाचे बोट लावून तो हातानेच आवळावा. किती आवळावयाचा हे त्याच्या वेष्टनावर दिलेले असते.

क्लचची तबकडी, बेअरिंग, पंप व आतील सील यांस मात्र घरी हात लावू नये. क्लचसाठी बहुतेक ट्रॅक्टर मधोमध विलग करावा लागतो. त्यास योग्य आधार व साधने नसतील, तर माणूस चिरडण्याचे भय असते.

नवे तेल कोणते व किती, तसेच किती तासांनी बदलावयाचे, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरात साधे गिअरतेल घातल्यास ब्रेक थरथरतात व लिफ्टही मंदावते. तेल भरल्यावर इंजिन सुरू करून लिफ्ट चार-पाच वेळा वरखाली करावी, इंजिन बंद करावे, तेलपट्टीवर पातळी पुन्हा पाहावी आणि बुचाभोवती पाझर आहे काय, हे तपासावे.

जुने तेल विहिरीजवळ, नाल्यात अथवा बांधावर ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून ते जुन्या तेलावर प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे पोचते करावे. तेल बदलल्याची तारीख व तासमापकावरील आकडा वहीत नोंदवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात एखाद्या ट्रॅक्टरवर हे काम गावकऱ्यांसमक्ष करवून दाखवावे. एका सकाळचे हे काम झालेले असले, म्हणजे वाफशाच्या दिवशी ट्रॅक्टर शेतात असेल, मिस्त्रीच्या दारात नव्हे.