नावेचा नांगर व त्याचा दोर

शेताचा नांगर व नावेचा नांगर यांचें नांव एक आहे, व मर्महि एकच : ओढ सखल असेल तरच टोंक भुईंत शिरतें. जूं जवळ बांधल्यास फाळ वर निघूं पाहतो, हें शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा-बामणोलीकडे सहलीच्या नावा चालतात. अशी नाव ठेवणारांनीं पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्या.

लांबी : पाण्याची खोली व पाण्यापासून नावेच्या पुढील टोंकाची उंची यांच्या बेरजेच्या पांचपट, वारा असल्यास सातपट दोर सोडावा. खोली १८ फूट व उंची २ फूट असल्यास १०० ते १४० फूट लागेल. उन्हाळ्यांत मोजलेली खोली पावसाळ्यानंतर धरूं नये. धरण तेव्हां भरलेलें असतें.

जात : सुती दोर ओला राहून कुजतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त, परंतु तो तरंगतो व उन्हानें लवकर कमजोर होतो. नायलॉनचा बुडतो, ताणला जाऊन झटकाहि सोसतो, तोच घ्यावा. वीस फुटांच्या आंतील नावेस १० मिलिमीटर जाडी पुरते. नांगराजवळ थोडी साखळी जोडावी. तिच्या वजनानें ओढ सखल राहते व खडकावर दोर घासत नाहीं.

दोराचें दुसरें टोंक आधीं नावेच्या पुढील भागास बांधावें, मगच नांगर सोडावा. मागें बांधल्यास लाटा आंत येतात.

नोकरींत असतां एका तलावावर आम्ही नांगरासह खडकाकडे वाहत गेलों. दोर खोलीहून हातभरच अधिक होता. दोरांत वांचविलेले रुपये थोडे. नावेंतील माणसें मात्र आपल्या भरंवशावर बसलेलीं असतात.