पदवीधर शिक्षक आणि वाचन-गणिताचे अध्यापन

जिल्हा परिषदेच्या शाळेत पदवीधर शिक्षक असणे ही गोष्ट बीड जिल्ह्यात आता नवलाची राहिलेली नाही. एके काळी ती तशी होती. निजामी राजवटीत कारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादेस १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील अध्यापनही उर्दूतूनच चाले. स्वामी रामानंद तीर्थ यांनी मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, शाळा चालविली ती याच काळात. १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. खेड्यातील शाळेस पदवीधर मिळण्याची वाट अशी हळूहळू मोकळी झाली.

पुढे कायद्यानेही त्यास बळ दिले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांकरिता किमान एकेक शिक्षक असावयास हवा. या वर्गांवर पदवीधर नेमावयाचा, आणि त्याने शिक्षणशास्त्राची पदविका किंवा पदवी घेतलेली असावयाची, असे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्याच वर्षी ठरवून दिले. पुढे बी.एड. चा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता तो दोन वर्षांचा झाला. तेव्हा आज विचारावयाचा प्रश्न पदवीधर मिळतो की नाही हा नव्हे. त्याच्या पदवीने आणि तिच्यावरील प्रशिक्षणाने त्यास नेमके काय शिकविले, हा आहे.

बी.एड. चा अभ्यासक्रम मुळात माध्यमिक शाळेसाठी रचलेला. विद्यार्थ्यास वाचता येते, बेरीज-वजाबाकी येते, हे त्यात गृहीत धरलेले असते. इतिहास घेऊन बी.ए. झालेला शिक्षक सहावीच्या वर्गात उभा राहतो, आणि मागच्या ओळीतील चार-पाच मुलांस पाठ्यपुस्तकातील एक ओळ धड वाचता येत नाही असे त्याच्या ध्यानी येते. त्याच्या पदवीच्या अभ्यासात पानिपतच्या पराभवाची कारणे होती. बारा वर्षांच्या न वाचणाऱ्या मुलास वाचावयास कसे शिकवावे, हे नव्हते. मग तो मुलास दोष देतो, किंवा खालच्या वर्गाच्या शिक्षकास; आणि दोहोंनीही काही साधत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता पुरेशी नाही असा निर्णय दिला, तेव्हा अनेक पदवीधरांस तो अन्याय वाटला. त्यांची निराशा समजण्यासारखी आहे. परंतु लहान मुलांस शिकविणे ही वेगळी विद्या आहे, हे त्यामागील तत्त्व मात्र खोडून काढता येणार नाही.

ही वेगळी विद्या म्हणजे काय, याचा विचार अमेरिकेतील ली शुलमन यांनी १९८६ साली नीट मांडला. विषयाचे ज्ञान एक, शिकविण्याच्या सामान्य युक्त्या दुसऱ्या. आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरे ज्ञान असते. अमुक विषयातील अमुक गोष्ट मुलास कोठे अडते, का अडते, आणि कोणत्या उदाहरणाने सुटते, हे जाणणे म्हणजे ते ज्ञान. लीपिंग मा या विदुषीने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचा चांगला पडताळा मिळतो. त्यांनी अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांस काही प्रश्न विचारले. त्यांतील एक असा : पावणेदोनास अर्ध्याने भागा, आणि त्यास शोभेल असे एक शाब्दिक उदाहरण रचा. चीनमधील सर्व शिक्षकांचे उत्तर बरोबर आले व बहुतेकांनी उदाहरणही रचले. अमेरिकेतील निम्म्याहून कमी शिक्षकांस उत्तर पूर्णपणे बरोबर काढता आले. विशेष हे की अमेरिकेतील शिक्षक पदवीधर होते, आणि चीनमधील शिक्षकांचे एकूण शिक्षण अकरा-बारा वर्षांचेच होते. त्यांनी प्राथमिक गणितच खोल जाऊन शिकले होते, आणि शाळेत आल्यावर एकमेकांच्या पाठांची चर्चा करीत ते पुढे वाढविले होते.

हाच प्रश्न मराठी शिक्षकास खरे तर सोपा वाटावयास हवा. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरावयाचे तर किती बाटल्या लागतील? तीन भरतील आणि चौथी अर्धी, म्हणून साडेतीन. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही अपूर्णांकांची नावे मराठी घरात रोज वापरात असतात, आणि जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढेही म्हणून घेत. पाठांतराचा तो अतिरेक गेला हे बरेच झाले. पण त्याबरोबर मुलाच्या कानावरचे अपूर्णांकही शाळेबाहेर गेले, हे मात्र बरे झाले नाही.

संख्यांची नावे हेही असेच एक प्रकरण. ‘पंचवीस’ असे सांगितले की दुसरीतील कित्येक मुले ५२ लिहितात. शिक्षक त्यास निष्काळजीपणा समजतो. वस्तुतः मूल जे ऐकते तेच क्रमाने लिहिते : आधी पाच, मग वीस. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक आधी लिहिला जातो. शेजारच्या कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणजे वीस-पाच, असा सरळ क्रम आहे. जर्मन भाषेत मात्र मराठीप्रमाणेच एकक आधी येतो. त्यात ‘एकोण’ची आणखी भर. एकोणतीस म्हणजे तिसास एक उणा, हे न उमगलेले मूल ३९ लिहून मोकळे होते. आणि एकोणनव्वदपर्यंत ही रीत कशीबशी अंगवळणी पडते, तोच नव्याण्णव ती मोडून टाकतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन रूढ नावांबरोबर दिले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी आपली बाजू शांतपणे मांडली, पण टीकेचा सूर मराठी भाषा बुडाली असाच राहिला. ती भीती अनाठायी होती. ‘वीस पाच, म्हणजे पंचवीस’ असे महिनाभर म्हणून घेतल्याने भाषेचे काही बिघडत नाही. मुलाची अंकस्थाने मात्र पक्की होतात.

वजाबाकीतील चुकांकडेही असेच पाहावे लागते. ५२ तून २७ वजा करताना मूल ३५ हे उत्तर लिहिते. पुष्कळदा शिक्षक त्यावर लाल फुली मारून पुढे जातो. परंतु ३५ हे उत्तर आले कसे? सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे मुलाने प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून काढला. त्याने नियम पाळला, फक्त तो त्याचा स्वतःचा नियम आहे. त्यास पुन्हा दहा उदाहरणे दिल्यास तो दहाही तशीच चुकवील. येथे ऊसतोडीच्या गावातील मुलास ‘मोळी’ची भाषा चटकन समजते. दहा काड्यांची एक मोळी बांधावी. ५२ म्हणजे पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या. सात काड्या द्यावयाच्या, हाती सुट्या दोनच. मग एक मोळी सोडावी लागते. आता सुट्या झाल्या बारा, मोळ्या राहिल्या चार. मोळी प्रत्यक्ष सोडलेल्या मुलास हातचा कोठून आला हे विचारावे लागत नाही.

वाचनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. गफ आणि टनमर यांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले : अक्षरांवरून शब्द उलगडता येणे आणि भाषा समजणे, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली तर सारेच शून्य. तांड्यावरील मुलाच्या घरी बंजारा बोली असते. ते मूल मराठी शब्द खडखडीत उच्चारील, पण अर्थ विचारता गप्प राहील. उलट गावातील एखादी मुलगी गोष्ट ऐकून तिचा मथितार्थ सांगते, पण छापील ओळीपुढे थांबते. दोघांनाही ‘वाचता येत नाही’ असा एकच शेरा मिळतो. उपाय मात्र अगदी निराळे आहेत.

उलगडण्याच्या बाजूस देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात व नंतर उच्चारतात. रफाराचे नेमके उलट आहे, ‘सूर्य’ मधील र आधी उच्चारला जातो आणि शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. महाराष्ट्रात वाडा येथे मराठीचा व कर्नाटकात यादगीर येथे कन्नडचा, असा पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनाचा काही वर्षे माग काढणारा ‘लिरिल’ या नावाचा अभ्यास झाला. मुळाक्षरे ओळखू लागलेली मुले मात्रा आणि जोडाक्षरे यांपाशी दीर्घकाळ अडखळतात, आणि अक्षरे जोडून शब्द बनविण्याचा सराव त्यांस फारच थोडा मिळतो, असे त्यातही दिसून आले. म्हणून सर्व मुळाक्षरे संपल्यावर बाराखडीस हात घालणे हे धोरण सोडणे इष्ट. चार-पाच अक्षरे आणि एक काना एवढ्यावरच पहिल्या पंधरवड्यात शब्द व लहान वाक्ये वाचून घ्यावीत, आणि त्याच दिवसांत मुलांस रोज एक चांगली गोष्ट वाचून दाखवावी. गोष्ट वाचून दाखविण्यास कित्येक शिक्षक वेळेचा अपव्यय मानतात. गुणाकाराची दुसरी बाजू तिनेच भरते.

बीड जिल्ह्यात हे सारे एका विशेष कारणाने निकडीचे होते. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू लागली. परंतु जी मुले आईबापांबरोबर जातात, त्यांचे शाळेचे अर्धे वर्ष फडावर सरते. परत आलेल्या मुलास पुस्तकाच्या चालू पानावर बसविणे व्यर्थ असते. तो कोठे थांबला होता हे तपासून तेथूनच उचलावे लागते. आणि त्या घराला गणिताची गरज सर्वांत अधिक असते. समजा, एका कोयत्याने, म्हणजे एका जोडप्याने, ८०,००० रुपये उचल घेतली. दर टनास ३६० रुपये, आणि रोजची तोड दोन टन. हे आकडे केवळ समजुतीपुरते घेतले आहेत. दिवसाचे ७२० रुपये झाले. ८०,००० ला ७२० ने भागल्यास भागाकार १११ आणि बाकी ८०. या बाकीचे काय करावयाचे? ८० रुपयांसाठी एक दिवस आणखी, म्हणून उचल ११२ व्या दिवशी फिटेल. आजारपणाचे चार खाडे धरले तर? सहावी-सातवीतील मुलीस हा हिशेब आपल्या वहीत मांडता आला, तर मुकादमाच्या वहीतील हिशेब तिच्या घरी प्रथमच कोणी तपासून पाहू शकेल.

पदवीधर शिक्षकाने हे शिकावे कोठे? अंबाजोगाई येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था ही जिल्ह्यातील पहिली जागा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने सेवेतील शिक्षकांस घरी राहून बी.एड. करण्याची सोय केली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ साली प्राथमिक शिक्षणाचा एम.ए. अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येईल असा सुरू केला. दोन-तीन दिवसांची प्रशिक्षणवर्गे पुष्कळ होतात. परंतु राज्यावरून जिल्ह्यास, जिल्ह्यावरून तालुक्यास व तेथून केंद्रास असा जो मजकूर उतरत येतो, तो शेवटच्या पायरीवर पुष्कळदा चित्रफितीपुरता उरतो. त्यापेक्षा केंद्रातील आठ-दहा शिक्षकांनी केंद्रसंमेलनात एकाच वर्गाच्या वजाबाकीच्या वह्या समोर ठेवून प्रत्येक चूक कशी झाली असावी हे शोधीत दोन तास बसणे अधिक फलदायी होते. त्यास अनुदानही लागत नाही.

स्थलांतर करणाऱ्या मुलास शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यावयाचे असते. त्यावर ‘वाचन : साधारण’ असे लिहून दिलेले कार्ड दुसऱ्या गावच्या शिक्षकास निरुपयोगी ठरते. ‘काना, दोन्ही वेलांट्या येतात, उकारात गोंधळ, रफार शिकविलेला नाही. वजाबाकी बिनहातच्याची येते. मोळी सोडून दाखविल्यास हातच्याचीही करतो,’ अशा दोन ओळी लिहिल्यास तो शिक्षक दुसऱ्याच दिवशी उकारापासून पाठ सुरू करू शकतो.