जुन्या गाडीस दुसरे इंजिन : आधी हिशेब

आष्टीसारख्या कोरडवाहू तालुक्यात दूधधंद्यास जुन्या मालवाहू गाड्यांचा मोठा आधार असतो. गाडी वाटेत बंद पडल्यास दूध नासते. तथापि इंजिन धूर ओकू लागताच ते बदलण्याची घाई करू नये. प्रथम सांगाडा तपासावा. तो गंजला असल्यास दुसऱ्या इंजिनावरील पैसा वाया जातो.

नंतर खर्चास वर्षांनी भागावे. समजा, ६० हजारांचे इंजिन ३ वर्षे टिकेल, तर वर्षास २० हजार पडतात. ३० हजारांच्या दुरुस्तीने २ वर्षे निभावल्यास १५ हजारच. गाडी उभी राहून बुडणारे भाडेही दोन्हीकडे मिळवावे.

बदलायचेच ठरल्यास त्याच बनावटीचे इंजिन पावतीसह घ्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये परिवहन कार्यालयाची परवानगी काढून नवा इंजिन क्रमांक नोंदणीत चढवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब वाहनमालकांस कागदावर मांडून दाखवावा.